ताकद मोठी की हलकेपणा?

गती व बल शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, जास्त अश्वशक्तीची गाडीच शर्यत जिंकणार ना?" उत्तरासाठी आपण जर्मनीतील न्यूरबर्गरिंगला जाऊ. तेथील नॉर्डश्लायफ हा मार्ग सुमारे २०.८ किलोमीटर लांब, चढउतारांचा आणि वळणावळणांचा आहे.

२००४ साली पोर्शे करेरा जीटी या ६१२ अश्वशक्तीच्या, सुमारे १३८० किलो वजनाच्या गाडीने ही फेरी साधारण साडेसात मिनिटांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी रॅडिकल एसआर८ या ब्रिटिश गाडीला सात मिनिटेही लागली नाहीत. तिची ताकद करेराहून बरीच कमी होती आणि इंजिन सुझुकीच्या हायाबुसा मोटरसायकलच्या इंजिनावर आधारलेले होते. पण वजन ७०० किलोहूनही कमी!

कारण पाहू. बल = वस्तुमान × त्वरण. वस्तुमान निम्मे झाले, तर तेवढेच त्वरण निम्म्या बलात मिळते. आता ब्रेक घ्या. ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेग असताना ६०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा ७,५०,००० ज्यूल असते, तर १५०० किलोच्या गाडीची १८,७५,००० ज्यूल. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून जड गाडीचे ब्रेक आणि टायर लवकर तापतात.

वळणावर मात्र सावध राहा! लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमानाबरोबर वाढते, तसेच घर्षणही वाढते. म्हणजे सूत्रात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. मग हलक्या गाडीचा फायदा कोणता? खरा टायर सूत्राइतका सरळ वागत नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट केला, तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. तो फरक प्रत्येक वळणावर साठत जातो.

लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी हेच ओळखून १९५७ साली साधी, हलकी 'लोटस सेव्हन' बाजारात आणली. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम या नावाने बनते.

मग ताकद व्यर्थ का? तसे नाही. रॅडिकलने २००९ मध्ये ६ मिनिटे ४८ सेकंदांची फेरी मारली. २०१७ मध्ये ७०० अश्वशक्तीच्या, सुमारे १४७० किलोच्या पोर्शे ९११ जीटी२ आरएसने ती जेमतेम सेकंदाने मागे टाकली. त्यासाठी ताकदीच्या जोडीला सुधारलेले टायर, मजबूत ब्रेक आणि हवेच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटवून ठेवणारे पंख लागले. ताकद आहे, पण ती रस्त्यावर उतरवता आली पाहिजे.

घरी सोडवा : स्कूटरचा वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर झाला, तर तिची गतिज ऊर्जा किती पट होईल? उत्तर आई-बाबांनाही सांगा. शर्यतीचा मार्ग बंदिस्त असतो, आपला रस्ता नव्हे.