नहूम : न्यायाच्या आत असलेलं सांत्वन

आजचं वाचन : नहूम १:१-१५ (वेळ असेल तर अध्याय २ आणि ३ सुद्धा वाचा)



नहूमचं पुस्तक आपण सहसा उघडत नाही. मीखा आणि हबक्कूक यांच्या मध्ये ते आहे. तीन अध्याय, सगळी मिळून ४७ वचनं. पानं उलटताना निसटूनच जातं. आणि उघडलंच तर राग, पूर, आग, रथांचा खडखडाट आणि प्रेतांचे ढीग. मग प्रश्न पडतो, यातून सकाळच्या मननासाठी काय घ्यायचं?

पण आधी संदेष्ट्याचं नाव पाहा. इब्री भाषेत नहूम म्हणजे सांत्वन. नहेम्या हे नाव त्याच धातूपासून आलं. यशयाच्या ४० व्या अध्यायाचा पहिला शब्दही तोच. प्रभू येशू जिथे राहायला गेला त्या कफर्णहूमचा अर्थसुद्धा ‘नहूमचं गाव’. म्हणजे इतका कठोर संदेश देवाने ज्याच्या तोंडी घातला, त्याचं नाव ‘सांत्वन’. हे कसं काय?

त्यासाठी निनवे काय होतं ते समजून घ्यायला हवं. निनवे ही अश्शूरची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसूलजवळ. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ मध्ये शोमरोन पाडलं आणि इस्राएलच्या दहा वंशांना देशोधडीला लावलं. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरं घेतली आणि यरुशलेमेला वेढा घातला. योनाच्या उपदेशाने हेच शहर एकदा पश्चात्तापाने गोणपाट नेसून बसलं होतं. पण शंभरहून अधिक वर्षं गेली, आणि ते सगळं विसरलं. मग नहूम आला. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्याने निनवे घेतलं. पुढे ते मातीखाली असं गेलं की १८४० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा कुठे त्याचे राजवाडे पुन्हा दिसले.

आता हे वचन दाबल्या गेलेल्या माणसाच्या कानाने ऐका.

आमचे दादा गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे २.५ लाख कामगार बाहेर पडले, त्यात दादाही. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. भोंगा बंद झाला. दादांच्या हिशेबाचे पैसे मिळायला कित्येक वर्षं गेली, आणि हातात आले ते निम्मेच. भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत रात्रीच्या प्रार्थनेला ते नहूमचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, ‘‘अहो, पोरांसमोर कशाला ते?’’ मला तेव्हा वाटायचं, दादा शाप देताहेत.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘शाप नाय रे. माझ्या डोक्यात काय काय यायचं तुला ठाऊक नाय. ते मी त्याच्याकडे सोपवत होतो. नायतर एखाद्या रात्री माझ्याच हातून काहीतरी झालं असतं.’’

१:२-३ पुन्हा वाचा. सूड घेणं हे परमेश्वराचं काम आहे. तो मंदक्रोध आहे, पण दोषी माणसाला तो निर्दोष ठरवून सोडत नाही. आम्हा भोईवाड्यातल्या लोकांना कोर्ट घराजवळच आहे, तारीख म्हणजे काय ते आम्हाला सांगावं लागत नाही. देवही तारीख पुढे देतो. पश्चात्तापाला वेळ मिळावा म्हणून देतो. पण तो फाईल हरवत नाही. न्याय त्याच्या हातात आहे म्हणूनच माझे हात मोकळे राहतात. संकटाच्या दिवशी तो आश्रयाचा दुर्ग आहे आणि आपल्या माणसांना ओळखतो, हे १:७ मध्ये आहे. आणि ते कुठे आहे पाहा, क्रोध आणि पूर यांच्या बरोबर मधोमध. देव चांगला आहे म्हणूनच त्याला अन्यायाचा राग येतो.

इथेच थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण वचन थांबू देत नाही.

३:१ मध्ये निनवेचा दोष सांगितलाय: रक्तपात, लबाडी, लूट. हे वाचताना मी नेहमी यहूदाच्या बाजूला बसतो, दादांचा मुलगा म्हणून. या वेळी मात्र गेल्या महिन्याची एक गोष्ट आठवली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू आजारी होता, त्या आठ दिवस आल्या नाहीत. मी हिशेब करून तेवढे पैसे कापले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दादाही त्या दिवशी गिरणीच्या ऑफिसात काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पैसे त्यांना दिले आणि चुकलो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या हो.’’ मान वर करून बघवलं नाही मला.

नहूमचं पुस्तक प्रश्नाने संपतं: तुझ्या दुष्टाईचा त्रास कोणाला झाला नाही? निनवेबद्दलचं दुसरं पुस्तक, योना, तेही प्रश्नाने संपतं: या लोकांची मी कीव करू नये काय? हे दोन्ही प्रश्न एकाच देवाचे आहेत. वधस्तंभावर ते एकत्र आले. पापाचा न्याय झालाच, पण तो पुत्राने स्वतःवर घेतला. म्हणून १:६ मध्ये विचारल्याप्रमाणे त्याच्या कोपापुढे कोण टिकेल, याचं उत्तर एकच: जो ख्रिस्तामध्ये लपला आहे तो.

मननासाठी : कोणता हिशेब मी अजून देवाकडे सोपवलेला नाही? आणि माझ्याकडून कोणाचं येणं राहिलं आहे?

प्रार्थना : हे न्यायी आणि दयाळू पित्या, आमच्यावर झालेला अन्याय तू पाहिलास म्हणून तुझे आभार. आम्ही केलेला अन्यायही तू पाहतोस, तो आम्हाला दाखव आणि भरून द्यायला लाव. ज्यांच्या डोळ्यांत आज पाणी आहे त्यांचा तू दुर्ग हो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.