दारू कमी करायची आहे? आधी हिशेब ठेवा

दारूचे व्यसन म्हटले की रस्त्याकडेला पडलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण नियमित कामावर जाणारा, घर चालवणारा आणि संध्याकाळी ‘दोनच पेग’ घेणारा माणूसही हळूहळू अडचणीत येत असतो. ‘मी काय दारुडा आहे?’ असे म्हणून तो व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही. अशांसाठी इंटरनेटवर स्वयंमदत कार्यक्रम निघाले आहेत. घरबसल्या, कोणाला न कळता ते करता येतात.

उपयोग होतो का?

नेदरलँड्समधील अशा एका कार्यक्रमाची २६१ जणांवर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना सहा आठवड्यांचा कार्यक्रम दिला, उरलेल्यांना फक्त माहितीपत्रक. सहा महिन्यांनंतर कार्यक्रमातील शंभरांपैकी सुमारे १७ जणांचे पिणे तेथील मर्यादेत आले होते. माहितीपत्रक वाचणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५ होते. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे, पण उपयोग निश्चित आहे.

त्यात करायचे काय?

१) रोजची नोंद. किती, कधी, कोणाबरोबर घेतली, हे त्याच दिवशी लिहावे. व्हिस्कीच्या ३० मि.लि. पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. ‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मि.लि.ची बाटली चार पेगांच्या बरोबरीची असते.

२) मर्यादा ठरवणे. आठवड्यात किती घ्यायची आणि कोणते दिवस पूर्ण कोरडे ठेवायचे, हे आधीच लिहून ठेवावे.

३) प्रसंग ओळखणे. पगाराचा दिवस, घरातले भांडण, ठरावीक मित्र. त्या वेळी दुसरे काय करायचे, हे ठरवून ठेवावे.

४) एखाद्या दिवशी पाय घसरला तरी नोंद थांबवू नये.

इंटरनेट नसेल तर साधी वहीही चालेल.

सावधान!

सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतल्याशिवाय बरे वाटत नाही? किंवा पूर्वी दारू थांबवल्यावर फिट आली होती? मग हा घरगुती उपाय तुमच्यासाठी नाही. अशा व्यक्तीने दारू एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यूही संभवतो. घरच्यांनीही ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालून कोंडून ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. औषधांच्या मदतीने दारू सुरक्षितपणे सोडता येते. यकृताचा विकार असणाऱ्यांनी व गर्भवतींनी ‘कमी’ नव्हे, पूर्ण बंद हेच ध्येय ठेवावे. मात्र तेही वैद्यकीय सल्ल्याने.

मार्गदर्शनासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. फोन नि:शुल्क आहे. तो रुग्णाच्या घरच्यांनी केला तरी चालतो.