आहारविकार : एक नव्हे, अनेक

मागे एक काकू मुलीचा केसपेपर घेऊन घाबऱ्याघुबऱ्या दवाखान्यात आल्या. मुलीला टायफॉइड होता, पण कागदावर ‘अ‍ॅनोरेक्सिया’ लिहिलेले. काकूंनी मासिकात हाडांचा सापळा झालेल्या मुलीविषयी वाचले होते. मी सांगितले, नुसता ‘अ‍ॅनोरेक्सिया’ म्हणजे भूक न लागणे. तापात, काविळीत, क्षयात हे लक्षण असतेच. त्या आजाराचे पूर्ण नाव ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’. लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी ते १८७४ साली छापले.

गंमत म्हणजे नावच फसवे आहे. यात निदान सुरुवातीला भूक मरत नाही. वजन वाढण्याच्या भीतीने ती दाबली जाते. ‘बुलिमिया’चा ग्रीक अर्थ बैलासारखी भूक. त्यात भरमसाट खाऊन मग मुद्दाम ओकारी काढतात किंवा जुलाबाची औषधे घेतात. वजन बहुधा नेहमीइतकेच राहते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. तिसऱ्या प्रकारात खाण्यावरचा ताबा सुटतो, पण ओकारी वगैरे काही नाही. यातले पुष्कळजण लठ्ठ असतात. मराठीत ‘आहारविकार’ हा शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच. म्हणून ‘आहारविकार आहे’ म्हटले, की ऐकणाऱ्यासमोर ती एकच हडकुळी मुलगी उभी राहते.

माझ्याही समोर तीच होती. सोळा वर्षांचा एक मुलगा वडिलांनी आणला होता. “कुस्तीसाठी वजन उतरवतोय, अशक्तपणा आलाय,” म्हणाले. मी टॉनिक लिहून दिले. चार महिन्यांनी तो शाळेत चक्कर येऊन पडला. नाडी मिनिटाला ४४. मुलगी असती तर पहिल्याच दिवशी मी जेवणाखाण्याची चौकशी केली असती. वास्तविक रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली अशा दोन रुग्णांचे वर्णन केले, त्यांतला एक सोळा वर्षांचा मुलगाच होता. पुढे पाळी बंद होणे हे निदानाच्या निकषांतच बसले. अमेरिकन मनोविकार संघटनेने ते २०१३ साली काढून टाकले.

‘महारोगी’ सोडून आपण ‘कुष्ठरुग्ण’ म्हणू लागलो, तसे ‘अ‍ॅनोरेक्सिक पोरगी’ही सोडावे. ‘आहारविकार असलेली व्यक्ती’ म्हणावे. व्यक्ती शब्द स्त्रीलिंगी खरा, पण त्यात पैलवानही मावतो!

घरात कुणी जेवण टाळत असेल, जेवल्याबरोबर मोरीत जाऊन दार लावून घेत असेल, घेरी येत असेल, तर मुलगा-मुलगी, जाड-बारीक न पाहता डॉक्टरांकडे न्या. आमच्या त्या पैलवानाचे उपचार वर्षभर चालले. मानसोपचारतज्ज्ञांकडे तो अजूनही जातो.