पोरगी पदवीधर झाली, मांडव कुणाचा?

निकाल लागला की घरात पहिला प्रश्न पेढे किती किलो आणायचे, आणि दुसरा, फ्लेक्स कुठल्या चौकात लावायचा. आपल्या राहू बेटात पोरं पदवीधर होणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तरी एसटीच्या गर्दीत उभं राहून किंवा केडगावहून गाडी पकडून जिनं कॉलेज पुरं केलं, तिच्या घरी तो दिवस मोठाच. साजरा जरूर करा. पण आईबापांनो, त्याआधी थोडं बोलू.

पाहुण्यांची यादी तिलाच करू द्या. तिच्या यादीत मैत्रिणी असतील, एखाद्या मॅडम असतील, परीक्षेच्या काळात पहाटे चहा करून देणारी आजी असेल. तुमच्या यादीत भाऊबंद, सोसायटीचे चेअरमन आणि कारखान्याचे संचालक असतात. त्यांचा मान लग्नात राखा की! तीसेक माणसं पुष्कळ झाली. अंगणात बसतील तेवढीच.

फ्लेक्स तर नकोच. त्यावर तिचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे गॉगल मधोमध. शिवाय १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे बॅनर, सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या या सगळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आपल्याकडे कशाची कमी आहे? दाराला आंब्याचं तोरण, केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. कमानीला चार उभे ऊस बांधले तर शहरातल्या मैत्रिणी तिथंच उभ्या राहून फोटो काढतील. जेवायला पत्रावळी.

उसावरून आठवलं, कार्यक्रम रात्रीवर नेऊ नका. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधला आपला हा पट्टा उसाचा, आणि उसात बिबट्या असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. उसाला खेटून मांडव घालू नका, लहान पोरांना अंधारात एकटं फिरू देऊ नका. चारला सुरू करा, दिवेलागणीला आटपा. निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला असेल तर शेजारी पत्र्याचं शेड मोकळं करून ठेवा.

आता गोडाधोडाचं. केक हवाच असेल तर लहान आणा आणि आल्या आल्या कापा. क्रीमला आपला उकाडा सोसत नाही. बासुंदी, रबडी यांसारखे दुधाचे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका, गोडाच्या नादात पंगत दवाखान्यात जायला वेळ लागत नाही. माझं मत विचाराल तर गुऱ्हाळाच्या गावात गोड बाहेरून कशाला आणायचं? अंगणात चूल मांडा, तव्यावरून गरम धिरडं काढा आणि वर काकवीची धार सोडा. सोबत शेंगदाण्याची चिक्की आणि आजीची पुरणपोळी-गुळवणी. चुलीपाशी आजीला बसवू नका. तिला खुर्ची द्या, धिरडी भाऊ टाकील.

एवढं सगळं नीट जमवून संध्याकाळ कशानं बिघडते, ठाऊक आहे? पहिला घास पोटात जातो न जातो तोच कुणीतरी विचारतं, "मग, आता स्थळं बघायला घेतली का?" काही घरांत तर पार्टीच्या नावाखाली पाहुणे मुलगी बघून जातात. मुलगा असेल तर, "नोकरीचं काय?" कष्टानं मिळवलेल्या पदवीचं कौतुक पाच मिनिटंही टिकत नाही.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. एका बाईच्या पदवीसाठी दुसरी बाई इतक्या लांब गेली. याच रमाबाईंनी पुढं आपल्या केडगावात मुक्ती मिशन उभारलं आणि ५ एप्रिल १९२२ ला तिथंच त्या गेल्या. आपल्या तालुक्यातलीच ही गोष्ट, पण पोरींना ती कुणी सांगत नाही. पार्टीत भाषण करायचंच असेल तर ही सांगा. दोन मिनिटं पुरतात.

आणि बापानं एक काम स्वतः करावं, आईवर ढकलू नये. आमंत्रणाचा फोन कराल तेव्हाच काका, मामा, आत्या सगळ्यांना स्पष्ट सांगा: "या, जेवा, पोरीला शाबासकी द्या. लग्नाचा विषय आज काढायचा नाही."