भयपटाचे प्रारंभदृश्य : कॅमेरा, वस्तू आणि भयाचा आश्रय

भयानक रसाची चर्चा करताना आपण बहुधा एक गोष्ट गृहीत धरतो. भयाला कारण होणारा आलंबन विभाव आणि ज्याच्या ठिकाणी भय उत्पन्न होते तो आश्रय, हे दोन्ही रसिकासमोर असतात. आश्रयाचा कंप, वैवर्ण्य, पलायन यांच्या द्वारा रसिक भयाचा आस्वाद घेतो. रंगमंचावर हे गृहीत सहसा अडचणीत येत नाही, कारण प्रेक्षकाची जागा ठरलेली असते. चित्रपटात मात्र कॅमेरा प्रेक्षकाला हवे तेथे नेऊन बसवतो. त्याने प्रेक्षकाला आलंबनाच्याच डोळ्यांमागे बसवले, तर आश्रय कोणास म्हणावे? जॉन कार्पेंटर दिग्दर्शित ‘हॅलोविन’ (१९७८) या अमेरिकन भयपटाच्या प्रारंभदृश्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

श्रेयनामावलीच्या वेळी काळ्या पडद्यावर डावीकडे एकच वस्तू दिसते : आतून पोखरून, डोळे-तोंड कोरून, आत दिवा लावलेला भोपळा. ३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागतात, तेव्हा घरापुढे असे भोपळे ठेवतात. कॅमेरा त्या भोपळ्याकडे अगदी संथपणे सरकतो. चेहरा आहे, पण त्यामागे माणूस नाही. पुढील चार मिनिटांच्या दृश्याचे हेच सूत्र आहे.

त्यानंतर १९६३ सालची ती रात्र सुरू होते. कॅमेरा एका घराकडे चालू लागतो. खिडकीतून एक तरुणी आणि तिचा मित्र दिसतात. मित्र गंमत म्हणून विदूषकाचा मुखवटा तोंडाला लावतो. दोघे माडीवर जातात व वरचा दिवा मालवतो. कॅमेरा मागील दाराने स्वयंपाकघरात शिरतो, एक हात खणातून मोठी सुरी काढतो. मित्र निघून गेल्यावर कॅमेरा जिना चढतो, खाली पडलेला मुखवटा उचलला जातो, आणि आता सर्व दृश्य त्याच्या दोन डोळ्यांच्या छिद्रांतून दिसू लागते. आरशासमोर केस विंचरणारी तरुणी वळून ‘मायकेल’ असे ओरडते आणि तिची हत्या होते. कॅमेरा घराबाहेर येतो. मोटारीतून आलेले आईवडील समोर उभे राहतात, वडील मुखवटा काढतात. येथे प्रथमच उलट बाजूचा शॉट येतो : रक्ताळलेली सुरी हाती धरलेला, विदूषकाच्या पोशाखातील सहा वर्षांचा मुलगा.

२

छायालेखक डीन कंडी यांनी हे दृश्य ‘पॅनाग्लाइड’ या, चालकाच्या अंगावर तोलून धरलेल्या उपकरणाच्या साहाय्याने टिपले. त्यामुळे कॅमेऱ्याला चालणाऱ्या माणसाची गती मिळाली, पण धक्के मात्र टळले. चाल माणसाची आहे, तरी तिला पावलांचे वजन नाही. सलग भासणाऱ्या या दृश्यात जोड लपवलेला आहे. मुखवटा चढताना होणारा अंधार त्यासाठी उपयोगी पडतो. म्हणजे एकच वस्तू कथानकात वेषांतराचे आणि रचनेत सांधा झाकण्याचे काम करते.

पात्रांच्या नजरेतून पाहणारा कॅमेरा ही कार्पेंटर यांची नवी कल्पना नव्हे. रूबेन मामूलियन यांच्या ‘डॉ. जेकिल अँड मि. हाइड’ (१९३१) आणि मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’ (१९६०) या चित्रपटांचे प्रारंभ याच तंत्राने झाले आहेत. ‘हॅलोविन’चे वेगळेपण वस्तूंच्या क्रमात आहे. भोपळा, सुरी आणि मुखवटा या तिन्ही वस्तू घरगुती आहेत. दोन सणाच्या, एक स्वयंपाकघरातील. वस्तू तीच राहते, तिचा धनी बदलतो आणि तिचा अर्थ पालटतो. प्रियकराच्या तोंडावर मुखवटा हा खेळ असतो, पुढे तोच प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर चढतो. हत्येच्या वेळी तर नजर क्षणभर तरुणीवरून ढळून स्वतःच्याच वरखाली होणाऱ्या हाताकडे वळते. करणारा आपले कृत्य परक्यासारखे पाहतो.

३

येथे एक आक्षेप संभवतो. कॅमेऱ्याची उंची सहा वर्षांच्या मुलाची नाही. पडद्यावर दिसणारा हातही प्रौढाचा, निर्मात्या डेब्रा हिल यांचा आहे. मग हे प्रथमपुरुषी निवेदन अप्रामाणिक ठरत नाही काय? मला तसे वाटत नाही. कथात्म साहित्यातील ‘मी’ काही सांगतो, काही दडवतो, आणि आपले वय तर क्वचितच प्रत्येक वाक्यात सांगतो. तरुणीने नाव उच्चारले तेव्हा निवेदकाची ओळख प्रेक्षकाला मिळालेलीच होती. पण नावाला शरीर नव्हते. ते शरीर आपण आपल्या कल्पनेने प्रौढ केले. मूल असे करील हे आपण मानलेच नव्हते. कॅमेऱ्याने आपल्या या समजुतीला केवळ उंची दिली.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात रथारूढ दुष्यंत पळणाऱ्या हरणाचे वर्णन करतो. अभिनवगुप्ताने भयानकाच्या विवेचनासाठी हेच उदाहरण घेतले. ते भय अमुक हरणाचे, अमुक काळाचे न राहता साधारण होते, हा त्याचा सिद्धान्त. परंतु हे वर्णन शिकाऱ्याच्या मुखातले आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तेथेही दृष्टी आलंबनाचीच. मात्र हरीण मान वळवून मागे पाहते, त्याचे अनुभाव वर्णनभर पसरलेले आहेत, आणि लवकरच तपस्वी आडवे येऊन शिकार थांबवतात. ‘हॅलोविन’मधील तरुणी अखेरच्या क्षणापर्यंत मागे पाहत नाही, आणि कॅमेऱ्याला अडवणारा कोणी नाही. त्यामुळे पडद्यावर आश्रयच राहत नाही.

साधारणीकरण व्यक्तिसंबंध सोडवते, तर नजरेचा शॉट प्रेक्षकाला एकाच व्यक्तीशी बांधतो. म्हणून पहिल्या चार मिनिटांत आपल्याला येतो तो भयाचा आस्वाद नव्हे, ती उत्कंठा आहे, आणि तिच्यात चोरून पाहण्याचे सुखही मिसळले आहे. मुखवटा निघताच आपण त्या डोळ्यांतून बाहेर फेकले जातो. कॅमेरा मागे व वर सरकत जातो, आईवडील निश्चल उभे असतात. हवे असलेले अंतर येथे मिळते आणि रसप्रतीती येथेच होते. आश्रय कोण, याचे उत्तरही येथेच सापडते : आतापर्यंत त्या मुलाच्या नजरेने पाहणारा प्रेक्षक हाच आश्रय, आणि त्याच्या भयाचे आलंबन केवळ तो मुलगा नसून आपण पाहिलेले आपले पाहणेही आहे.

निवेदनमीमांसा शिकवताना दृष्टिबिंदू हा तंत्राचा भाग म्हणून सांगितला जातो. कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हे ठरवताना लेखक वाचकाला कशात सहभागी करून घेतो, हा प्रश्नही त्याच तासाला विचारला गेला पाहिजे.