सुरक्षा चष्मा : निवड, सोय आणि कायदा

चेन्नईहून बंगळूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ४८ ने निघाल्यास श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. येथे ‘सिपकॉट’ या तमिळनाडूच्या राज्य महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. १९९६ मध्ये ह्युंदाई मोटर कंपनीच्या भारतीय शाखेने या ठिकाणी कारखाना उभारण्यास प्रारंभ केला आणि १९९८ मध्ये तेथून पहिली सँट्रो मोटार बाहेर पडली. मुख्य कारखान्याच्या आसऱ्याने सुटे भाग पुरविणारे अनेक लहानमोठे उद्योग या पट्ट्यात उभे राहिले. हाच महामार्ग पुढे कोल्हापूर, सातारा, पुणे असा तळेगावपर्यंत येतो. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करारही याच कंपनीने २०२३ मध्ये केला. पत्रा दाबणे, स्पॉट वेल्डिंग, कडा घासणे, छिद्रे पाडणे ही कामे या मार्गावरील हजारो कार्यशाळांत रोज चालतात. त्या प्रत्येक कामात उडणाऱ्या कणापासून डोळा वाचविण्याचा प्रश्न सारखाच असतो.

डोळा गमावण्याची किंमत कायद्याने आकड्यांत मांडली आहे. नुकसानभरपाईविषयक १९२३ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गमावल्यास अर्जनक्षमतेची हानी ४० टक्के आणि डोळा विद्रूप न होता केवळ त्याची दृष्टी गेल्यास ३० टक्के धरली जात असे. भरपाईच्या हिशेबाला हा आकडा आवश्यक आहे. परंतु लेथवर काम करणाऱ्याची खरी हानी तो सांगत नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यामुळे खोलीचा व अंतराचा जो सूक्ष्म अंदाज येतो, तोच अशा कारागिराचे भांडवल असतो.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने डोळ्यांच्या इजांविषयी केलेल्या एका जुन्या सर्वेक्षणातील दोन निष्कर्ष आजही अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहेत. इजा झालेल्या कामगारांपैकी पाचांत जवळजवळ तिघांनी अपघाताच्या वेळी कोणतेही नेत्रसंरक्षण वापरलेले नव्हते. आणि इजा करणाऱ्या वस्तूंपैकी जवळपास तीन-पंचमांश टाचणीच्या डोक्याहून लहान होत्या. डोळे मिटण्याची सहजप्रवृत्ती अशा कणापुढे अपुरी पडते. चष्मा कपाटात, खिशात किंवा कपाळावर असेल, तर त्यावरील प्रमाणचिन्ह कितीही उत्तम असले तरी त्याचा उपयोग शून्य होय. म्हणूनच सुरक्षा चष्म्याच्या बाबतीत सोय ही चैनीची बाब नसून सुरक्षिततेचाच भाग ठरते. आपल्याकडील खरेदीच्या पद्धतीत मात्र हीच बाब बहुधा शेवटी विचारात घेतली जाते.

काच आणि मानक

आजच्या बहुतेक सुरक्षा चष्म्यांची ‘काच’ वस्तुतः पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. त्याची घनता सुमारे १.२ असते, तर सामान्य काचेची २.५ च्या आसपास. आघाताने ते काचेसारखे फुटत नाही आणि अतिनील किरणही बऱ्याच अंशी अडविते. ओरखडे लवकर पडणे आणि ॲसिटोनसारख्या द्रावकांनी खराब होणे, हे त्याचे दोष. नेहमीचा नंबरचा चष्मा हा सुरक्षा चष्मा नव्हे, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि आघाताने भिंग चौकटीतून निसटून डोळ्यावरच येऊ शकते.

भारतात नेत्रसंरक्षकांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे. बाजारात ईएन १६६ या युरोपीय मानकाच्या खुणा असलेले चष्मेही विपुल मिळतात. त्याची जागा आता आयएसओ १६३२१ ही नवी मानकमालिका घेत आहे. ईएन १६६ नुसार ‘एफ’ ही खूण असलेल्या चष्म्याने ६ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळीचा सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६२ किलोमीटर वेगाचा आघात सोसलेला असतो. हा वेग मोठा वाटतो. परंतु हाताने धरावयाच्या ग्राइंडरच्या चकतीवर कमाल परिघवेग सामान्यतः सेकंदाला ८० मीटर असा छापलेला असतो. तुटलेल्या चकतीचा तुकडा चष्म्याच्या कसोटीपलीकडच्या वेगाने येऊ शकतो, तो या कारणाने. म्हणून ग्राइंडरच्या कामात चष्म्यावर चेहरा झाकणारी ढालही आवश्यक ठरते; मात्र ढाल आहे म्हणून चष्मा काढून ठेवणे योग्य नाही, कारण ती वर सरकविली की डोळा उघडा पडतो. रसायनांच्या शिंतोड्यांसाठी सर्व बाजूंनी बंद गॉगल आणि वेल्डिंगसाठी योग्य छटेची गाळणी लागते. त्या कामांसाठी साधा पारदर्शक चष्मा पुरत नाही.

सोय कशी पारखावी

प्रथम नाकाचा विचार करावा. चष्म्याचा बराचसा भार नाकावर येतो आणि नाकाचा उंचवटा व्यक्तिगणिक भिन्न असतो. युरोपीय चेहऱ्याच्या मापावर बेतलेली चौकट उंचवटा कमी असलेल्या नाकावरून घसरते, गालांना टेकते आणि घाम आला की खालीच येते. मऊ, वाकविता येणारे पॅड असलेला चष्मा अशा वेळी उपयोगी पडतो. त्यानंतर दांड्या. त्यांची लांबी किंवा कल बदलता आला पाहिजे आणि कानामागे त्यांचा दाब पडता कामा नये. चष्मा लावून खाली वाकावे व मान हलवावी. तो जागचा हलू नये. भुवई, गाल आणि कानशील यांपाशी मोठी फट राहू नये, तशीच पापण्या भिंगाला लागतील इतकी जवळीकही नको.

गोंगाटाच्या ठिकाणी कान झाकणारे इअर मफ वापरले जातात. जाड दांडीमुळे मफ आणि डोके यांच्यात फट पडून आवाज आत येतो. कामगार अशा वेळी दोहोंपैकी एक साधन काढून ठेवतो, बहुधा चष्माच. पातळ, चपट्या दांड्यांनी ही अडचण पुष्कळ कमी होते.

भिंगावर वाफ धरणे ही किनारपट्टीवरची सर्वांत मोठी तक्रार. भिंगाचे तापमान भोवतालच्या हवेच्या दवबिंदूखाली असले की त्यावर बाष्पाचे सूक्ष्म थेंब जमतात. चेन्नईच्या दमट उन्हाळ्यात वातानुकूलित तपासणी कक्षातून तापलेल्या शेडमध्ये येणाऱ्याला क्षणभर काहीच दिसेनासे होते. मुंबई व कोकणातही हा अनुभव येतो; पुण्याकडे थंडीत मुखपट्टीतून वर येणाऱ्या श्वासाने तेच घडते. वाफरोधक लेप पाण्याचे थेंब न होऊ देता त्याचा पातळ, पारदर्शक थर करतो. ईएन १६६ मध्ये या गुणाची खूण ‘एन’ आणि ओरखडारोधाची खूण ‘के’ आहे. लेप कालांतराने झिजतो. मुखपट्टी नाकावर नीट बसविणे व भिंगाभोवती हवा खेळती ठेवणे हे उपाय त्यामुळे सुटत नाहीत.

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागलेल्या कामगाराला नंबरचाच सुरक्षा चष्मा करून देणे सर्वांत चांगले. नंबरच्या चष्म्यावर चढविण्याचा मोठा चष्मा पाहुण्यांना अथवा तात्पुरत्या कामाला ठीक. आठ तास तो सोसणे कठीण असते.

स्वच्छतेबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. धातूचा बुरा बसलेले भिंग कॉटन वेस्टने कोरडे पुसणे म्हणजे त्यावर सँडपेपर फिरविणे होय. आधी पाण्याने धुवावे, मग मऊ कापडाने टिपावे. ओरखड्यांनी दृष्टी अंधुक होत असेल तर चष्मा बदलावा.

कायदा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ अन्वये उडणारे कण अथवा अतितीव्र प्रकाश यांपासून डोळ्यांना धोका असेल तेथे पडदे किंवा योग्य गॉगल सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारांना होता. कलम १११ ने दिलेल्या साधनांकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करण्यास कामगारांना मनाई केली होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये हा अधिनियम धरून १३ कायदे एकत्र करण्यात आले व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. सुरक्षिततेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कामगारांकडून घेता येत नाही, ही तरतूद तिच्यात आहे. वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’साठी किमान कामगारसंख्या १० वरून २० झाली, हा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल, तथापि १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहिता लागू आहे. त्याहून लहान असलेल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये चष्म्याचा प्रश्न बव्हंशी मालकाच्या जाणिवेवर उरतो.

मोठ्या कारखान्यात भांडार विभाग सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून सगळ्यांना एकाच मापाचा चष्मा देतो, तेव्हा कायद्याचे पालन होते, पण चष्मे खिशातच राहतात. त्याऐवजी मानकात बसणारे तीन-चार नमुने आधी निवडावेत, प्रत्येक विभागातील काही कामगारांना ते पूर्ण पाळीभर, शक्य तर उन्हाळ्यात, वापरावयास द्यावेत आणि त्यात कंत्राटी कामगारांनाही घ्यावे. दोन मापे मागवावी लागली तर मागवावीत. पाळीच्या मध्यावर सुरक्षा अधिकाऱ्याने शेडमधून एक फेरी मारून किती चष्मे डोळ्यांवर आहेत आणि किती कपाळावर, एवढे मोजले तरी कोणता नमुना घ्यावा हे ठरते.