यंत्राने कोरलेले दंतभरण दाताला कसे धरते

दाढेचा किडलेला भाग मोठा असेल, तर पोकळीत थेट भरण करण्यापेक्षा बाहेर घडवलेला तुकडा बसवणे अनेकदा हिताचे ठरते. कंपोझिटचा, म्हणजे रेझिन आणि काचेसारखे सूक्ष्म कण यांच्या मिश्रणाचा, ठोकळा कारखान्यात उष्णता व दाब देऊन कठीण केलेला असतो आणि दाताच्या संगणकीय आराखड्याबरहुकूम यंत्र त्यातून तो तुकडा कोरून काढते.

या ठोकळ्याचे बळ हीच चिकटवण्यातली अडचण होऊन बसते. ताज्या रेझिनमध्ये जोडले जाण्यास मोकळे असे रासायनिक बंध भरपूर असतात. कारखान्यात पक्क्या झालेल्या ठोकळ्यात ते फारच थोडे उरतात, त्यामुळे चिकटवणाऱ्या सिमेंटला धरायला जागाच सापडत नाही. दाताच्या बाजूचा प्रश्न मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, खरखरीत करून बराचसा सोडवला होता. तुकड्याच्या बाजूचा प्रश्न मात्र इतका नाजूक, की ‘लाव्हा अल्टिमेट’ या ठोकळ्यातून कोरलेल्या कॅप, म्हणजे सबंध दात झाकणारी आवरणे, सुटण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्यावर उत्पादकांनी २०१५ मध्ये पूर्ण कॅपसाठी त्याची शिफारस मागे घेतली.

म्हणून तुकड्याच्या आतल्या पृष्ठभागावर सुमारे ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिना कणांचा हलक्या दाबाने मारा करतात, तो स्वच्छ करतात आणि त्यावर सिलेन लावतात. सिलेन म्हणजे एका टोकाने काचकणांना व दुसऱ्या टोकाने रेझिनला धरणारा दुवा. सिरॅमिक व रेझिन यांच्या काही संकरित ठोकळ्यांना कणांच्या माऱ्याऐवजी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, त्यामुळे ठोकळा कोणता हे ठाऊक असल्याशिवाय कृती ठरत नाही. एवढे करूनही लाळेचा स्पर्श झाला तर श्रम वाया जातात. म्हणून लाळ दूर ठेवण्यासाठी तोंडावर ताणलेला रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा, कितीही अवघड वाटला, तरी रुग्णाने त्याला नकार देऊ नये.

मैसूरजवळच्या वरुणा परिसरातून उपचारासाठी शहरात जाणाऱ्यांनी, एकाच फेरीत सारे उरकावे असा आग्रह धरू नये. मात्र दोन भेटींच्या मध्ये तात्पुरते भरण करावे लागले आणि त्यात युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य घटक, असेल, तर रेझिन नीट घट्ट होत नाही. दुखऱ्या दाढेत घरी लवंगेचे तेल घातले असल्यास तेही डॉक्टरांना आधीच सांगावे. सिमेंट काही मिनिटांत बसले, तरी त्याचे पक्के होणे पुढे सुमारे २४ तास चालू राहते. या काळात रागी मुद्देसारखे, म्हणजे नाचणीच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्यासारखे, मऊ अन्न सोयीचे, कारण तो चावण्यापेक्षा गिळण्याचाच पदार्थ आहे. मैसूरचे विड्याचे पान नावाजलेले खरे, पण त्यासोबतची अडकित्त्यालाही न जुमानणारी सुपारी त्या दाढेखाली नंतरही येऊ देऊ नये.

तुकडा निसटलाच, तर तो स्वच्छ डबीत ठेवावा, बाजारातल्या गोंदाने चिकटवू नये आणि त्या बाजूने न चावता लवकर दवाखाना गाठावा. तुकडा अखंड असेल आणि खाली नवी कीड नसेल, तर जुने सिमेंट काढून, कणांचा मारा व सिलेन ही कृती पुन्हा करून तोच तुकडा बऱ्याचदा बसवता येतो.